बिगर, मोअर बिग की मोअर बिगर? इंग्रजीतली तुलना मुलांना शिकवायची कशी

खाडीपल्याड
नमस्कार मंडळी. मी दापोली तालुक्यात, हर्णैजवळच्या एका गावात संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. फी नाही. शाळेचा व्हरांडा मिळालाय, तिथेच बसतो. सातवी ते दहावीची मुलं येतात, शिवाय काही मोठी माणसंही. एकाला बोटीवर नोकरी हवी आहे. एका ताईंनी घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आहे.

सध्या आमचं घोडं तुलनेच्या विशेषणांवर अडलंय. मुलांच्या चुका दोन प्रकारच्या आहेत, आणि एकमेकींच्या बरोबर उलट. अर्धी मुलं म्हणतात, ‘सुवर्णदुर्ग इज बिग दॅन गोवा फोर्ट’. (हा आमच्या किनाऱ्यावरचा गोवा किल्ला, गोव्यातला नव्हे.) उरलेली म्हणतात, ‘मोअर बिगर दॅन’. म्हणजे एकांकडे काहीच नाही आणि दुसऱ्यांकडे दोन्ही!

पुस्तकातला तक्ता त्यांना पाठ आहे. टॉल, टॉलर, टॉलेस्ट घडाघडा म्हणतात, परीक्षेत गुणही मिळवतात. पण समोर पर्यटक उभा राहिला की सगळं जातं. तुम्ही कसं शिकलात किंवा शिकवता? तक्ता आधी की कान आधी? दुसरं, दोन उच्चारांच्या (म्हणजे दोन सिलॅबल्सच्या) शब्दांना काही नियम आहे का? क्लेव्हर, नॅरो, मॉडर्न... इथे मलाही मुलांना एका वाक्यात सांगता येईल असं काही सापडलेलं नाही.

कातळसडा
एका उच्चाराचा शब्द असेल तर शेवटी ‘अर’. तीन किंवा जास्त असतील तर आधी ‘मोअर’. दोघांपैकी एकच, कधीही दोन्ही नाही. एवढं पक्कं झालं तरी मोठं काम झालं. दोन उच्चारांचं भांडण नंतर सोडवता येतं.

तिरफळ
आमच्या मालवणात ‘बिगर’ म्हटल्यावर पोरगो इचारतलो, कशाबिगर? :)

अबोलीचा_वळेसर
खाडीपल्याड, खूप चांगलं काम करताय. मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. माझा अनुभव सांगते.

आधी चुकांचं मूळ बघा. मराठीत तुलनेचं सगळं ओझं ‘पेक्षा’ उचलतो. ‘आंबा फणसापेक्षा गोड आहे’ यात ‘गोड’ला आपण हातही लावत नाही. म्हणून मूल ‘दॅन’ला ‘पेक्षा’ समजतं आणि विशेषण तसंच ठेवतं. हा तुमचा पहिला गट. दुसऱ्या गटाच्या डोक्यात ‘अधिक’ असतं. ‘अधिक मोठा’ म्हणजे मोअर, आणि तक्त्यातून पाठ झालेला शब्द बिगर. दोन्ही जोडून मोकळे. मुलं विचार करूनच चुकतात, म्हणून नुसत्या लाल रेघेने ही चूक जात नाही. मराठीत ‘पेक्षा’ एकटा पुरतो, इंग्रजीत ‘दॅन’ला जोडीदार लागतो, हे एकदा मराठीतच समजावून सांगा.

आता उच्चार मोजणं. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण आपली मुलं अक्षरं मोजतात. ‘बिग’ देवनागरीत दोन अक्षरी, म्हणून त्यांना तो दोन उच्चारांचा वाटतो. मी त्यांना ‘घर’ म्हणायला लावायचे. लिहिताना दोन अक्षरं, पण बोलताना तोंड एकदाच उघडतं. ‘घरी’ म्हणा, दोनदा उघडतं. हनुवटीखाली हात धरला की मुलांना ते कळतं. मग बिग एक, लार्ज एक, क्लीन एक, नॅरो दोन, मॉडर्न दोन, ब्यूटिफुल तीन, एक्स्पेन्सिव्ह तीन. हे एकदा हाताला कळलं की तक्त्याची गरज निम्मी होते.

त्यामुळे माझं उत्तर: कान आधी. तक्ता शेवटी, उजळणीपुरता.

जांभा_दगड
थोडं वेगळं मत मांडतो. एवढा जीव का काढायचा? पर्यटकाला ‘धिस रूम मोअर चीप’ कळतंच ना? आमच्या तारकर्लीत बोटवाले फ्रेंच माणसांनाही डॉल्फिन दाखवून आणतात, व्याकरणावाचून कोणाचं अडलेलं नाही. मुलं बोलू लागली की त्यांना बोलू द्यावं. दर वाक्याला थांबवलं तर ती गप्प होतात, हा मोठा तोटा आहे.

दर्यावर्दी_६६
जांभा, बोलताना अडवू नये हे शंभर टक्के मान्य. पण ‘कळतंच ना’ हे मान्य नाही.

मी मालवाहू जहाजांवर काम करतो. जहाजावरच्या बोलण्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली ठरावीक वाक्यांचा संच मंजूर केला. तिथे वाक्यं मुद्दाम छोटी आणि साचेबद्ध ठेवली आहेत, कारण जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर चार देशांची माणसं असतात. त्या साच्यात व्याकरणाचा बाऊ नाही हे खरं. पण नोकरी मिळायच्या आधी मुलाखत असते, आणि नंतर लेखी अहवाल असतो. ‘आजचा दाब कालच्यापेक्षा जास्त’ हे लिहिताना ‘प्रेशर इज हाय दॅन यस्टरडे’ लिहिलं तर वाचणारा थबकतो. हाय म्हणायचंय की हायर? मोजमापाच्या गोष्टीत हा फरक छोटा नाही.

आणखी एक, वर्गातल्या त्या मुलाला नक्की सांगा. बोटीवर ‘सिनिअर दॅन मी’ सर्रास ऐकू येतं. सिनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर, प्रायर हे शब्द लॅटिनमधून तुलना पोटात घेऊनच आलेत. त्यांना ‘मोअर’ही नको आणि ‘दॅन’ही नको. ‘ही इज सिनिअर टू मी’. प्रिफर या क्रियापदालाही तसंच, ‘आय प्रिफर फिश टू चिकन’.

तिरफळ
शेवटचा वाक्य कोकणी माणसाक वेगळा पाठ करूचा लागणा नाय.

देवगडचा_पाड
मुलांना जवळची उदाहरणं द्या, लगेच बोलतील. ‘देवगड हापूस इज स्वीटर दॅन रत्नागिरी हापूस.’

पावसची_कलमं
देवगडचा_पाड, वाक्याचं व्याकरण बरोबर, माहिती चूक. :) २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाचही जिल्ह्यांना. म्हणून सरकारी वाक्य असं: ‘देवगड हापूस इज ॲज स्वीट ॲज रत्नागिरी हापूस’. यात मुलांसाठीही एक मुद्दा आहे. ‘ॲज... ॲज’च्या मध्ये विशेषण साधंच राहतं. ‘ॲज स्वीटर ॲज’ ही चूक मी दहावीच्या वह्यांत पाहिली आहे.

देवगडचा_पाड
बरोबरी केलीत, म्हणजे अर्धी कबुलीच. यंदा पेटी पाठवतो, मग ‘मच स्वीटर’ म्हणाल.

अबोलीचा_वळेसर
पेटीच्या भांडणातून फार कामाचा शब्द निघाला: ‘मच’. आपल्याकडे ‘व्हेरी बेटर’, ‘व्हेरी टॉलर’ फार चालतं, कारण ‘खूप गोड’ आणि ‘खूप जास्त गोड’ दोन्हीकडे आपला ‘खूप’ तोच. इंग्रजीत साध्या विशेषणाला व्हेरी, तुलनेच्या विशेषणाला ‘मच’ किंवा ‘फार’ (इंग्रजीतला far, आपला फार नव्हे). व्हेरी स्वीट, पण मच स्वीटर. थोडासाच फरक असेल तर ‘अ बिट स्वीटर’, ‘स्लाइटली स्वीटर’.

माडाखालची_खोली
मी गुहागरकडची. आमची घरगुती निवासाची सोय आहे, म्हणून हा धागा मन लावून वाचतेय. खाडीपल्याड यांच्या त्या ताईंसाठी लिहिते.

फलकावर आणि जाहिरातीत तुलना सतत लागते. आमच्या भागात मी वाचलेलं एक वाक्य: ‘अवर बीच इज मोअर क्लीनर दॅन गोवा’. मोअर काढला तरी ते पूर्ण बरोबर होत नाही. किनाऱ्याची तुलना किनाऱ्याशी व्हायला हवी, इथे ती अख्ख्या राज्याशी झाली. ‘क्लीनर दॅन दि बीचेस इन गोवा’ असं हवं. मुलांच्या निबंधातही हे होतं, ‘दि क्लायमेट ऑफ दापोली इज कूलर दॅन चिपळूण’. हवेची तुलना गावाशी! ‘दॅन दॅट ऑफ चिपळूण’ म्हणायला हवं. मराठीत आपण ‘दापोलीची हवा चिपळूणपेक्षा थंड’ सहज म्हणतो आणि कोणाला खटकत नाही, म्हणून इंग्रजीत ते निसटतं.

ताईंना रोज लागणारे शब्द मी असे बसवले असते: चीपर, क्लीनर, क्वायटर, निअरर टू दि बीच, मोअर स्पेशिअस, मोअर कंफर्टेबल. आणि उणी बाजू सांगायची असेल तर ‘लेस बिग’ म्हणण्याऐवजी ‘नॉट ॲज बिग ॲज दि अदर रूम’. ते कानाला जास्त बरं लागतं. ‘लेस एक्स्पेन्सिव्ह’ मात्र छान चालतं.

मे महिन्यात तर ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ दोन्ही लागतात. पाणी मोजता येत नाही म्हणून लेस वॉटर, टँकर मोजता येतात म्हणून फ्यूअर टँकर्स.

जांभा_दगड
ही यादी उपयोगाची आहे, आमच्या बोटवाल्यांना देतो. नियमांपेक्षा लागणारे वीस शब्द आधी द्यावेत, एवढंच माझं म्हणणं होतं.

बकुळ_१९
स्पेलिंगचं कोणी बोललं नाही. बिगमध्ये जी एकच, मग बिगरमध्ये दोन का? आणि डीपरमध्ये पी एकच का?

अबोलीचा_वळेसर
बकुळ, इथे आपली देवनागरी मदतीला येते. शब्द एका उच्चाराचा, त्यातला स्वर तोकडा आणि तो एकाच अक्षराने लिहिलेला, शेवटी एकच व्यंजन, असं असेल तर ते व्यंजन दोनदा लिहायचं. बिग, थिन, हॉट, वेट, फॅट, सॅड. स्वर लांब असून दोन अक्षरांनी लिहिला असेल तर नाही: डीप, क्लीन, कूल. शेवटी आधीच दोन व्यंजनं असतील तरीही नाही: कोल्ड, शॉर्ट.

कारण विचाराल तर, इंग्रजीत एका व्यंजनापुढे ई आला की आधीचा स्वर लांब वाचायची सवय आहे. एकच जी ठेवला तर ‘बायगर’ वाचलं जाईल. ‘लेट’पासून निघालेले दोन शब्द बघा. टी एकदा लिहिला की ‘लेटर’, म्हणजे नंतर. टी दोनदा लिहिला की ‘लॅटर’, म्हणजे दोहोंपैकी दुसरा.

शेवटी डब्ल्यू, एक्स किंवा वाय असेल तर दुप्पट करायचं नाही: स्लो, लो, न्यू, ग्रे. आणि व्यंजनानंतरच्या वायचा आय होतो: हॅपी, इझी, डर्टी, ड्राय. ‘शाय’सारखे शब्द अपवाद, तिथे वाय तसाच राहतो.

कोळंबी_खिचडी
बेटर आणि आपलं हिंदी-फारसी बेहतर एकच आहेत ना? मुलांना सांगायला छान आहे, लगेच लक्षात राहील.

पोथी_आणि_पाट
कोळंबी, लक्षात राहील हे खरं, पण ते सांगू नका, कारण नातं नाही. बेहतर हा ‘बेह’ अधिक ‘तर’, तर बेटर हा ‘बेट’ अधिक ‘अर’. शब्द वेगवेगळ्या ठिकाणी तुटतात, सारखेपणा योगायोगाचा आहे.

खरं नातं दुसरीकडे आहे, आणि ते मुलांना जरूर सांगा. संस्कृतात तुलनेच्या प्रत्ययांच्या दोन जोड्या आहेत: तर-तम आणि ईयस्-इष्ठ. लघु, लघुतर, लघुतम. किंवा लघु, लघीयस्, लघिष्ठ. फारसीतला तर हा आपल्या तरचा भाऊ. आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ हा आपल्या इष्ठचा! ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ यांच्या शेवटी जो ‘ष्ठ’ ऐकू येतो तोच टॉलेस्टच्या शेवटी आहे. ‘अर’चं मूळही ईयस्च्याच घराण्यातलं. पाणिनीने पाचव्या अध्यायात सांगितलंय की दोहोंत तुलना असेल तर तर आणि ईयस्, अनेकांत असेल तर तम आणि इष्ठ. तुमच्या पाठ्यपुस्तकातला नियम हाच.

इतकंच नाही, गुड-बेटर या जोडीत मूळ शब्दच बदलतो म्हणून मुलं कुरकुरतात ना? पाणिनीकडेही तेच आहे. प्रशस्य या शब्दाच्या जागी ‘श्र’ येतो, म्हणून श्रेयस् आणि श्रेष्ठ. रोजच्या वापरातल्या शब्दांत असा बदल अनेक भाषांत टिकून राहिलेला दिसतो.

मालवणात १८३७ साली जन्मलेल्या रा. गो. भांडारकरांनी संस्कृतची क्रमिक पुस्तकं इंग्रजीतून लिहिली. एका भाषेच्या व्याकरणाचा हात धरून दुसरी शिकायची ही वाट आपल्या किनाऱ्याला नवी नाही. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी तर १८३२ साली ‘दर्पण’ काढला तो मराठी आणि इंग्रजी असा शेजारी-शेजारी रकान्यांत.

दर्यावर्दी_६६
पोथी, ‘ष्ठ’ आणि ‘एस्ट’चं वाचून फार आनंद झाला. मग आपण ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो, ‘अधिक श्रेष्ठ’ म्हणतो, ते ‘मोअर बेटर’च झालं की!

पोथी_आणि_पाट
घडण तीच. श्रेष्ठ मध्येच ‘सगळ्यांत चांगला’ आहे, पण प्रत्ययाची जाणीव पुसली गेली की बोलणारा वरून आणखी एक थर चढवतो. इंग्रजांनीही हेच केलं. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ आहे, आणि ‘मोअर बेटर’ही त्याच्या नाटकात सापडतं. त्या काळी जोर देण्यासाठी ते चालत असे. पुढे व्याकरणकारांनी ते मोडीत काढलं. रॉबर्ट लाउथने १७६२च्या आपल्या व्याकरणात अशा दुहेरी तुलनेला चूक ठरवलं. तरी ‘लेसर’ टिकलाच, जो लेस या तुलनेच्या शब्दावर पुन्हा अर लावून झालाय. माडाखालची_खोली यांचा ‘निअरर’ही तसाच. ‘निअर’ हाच मुळात ‘नाय’ म्हणजे जवळ या जुन्या शब्दाचं तुलनेचं रूप होता.

म्हणून मोअर बिगर म्हणणाऱ्या मुलावर चिडू नये. त्याने चारशे वर्षांपूर्वी लिहिलं असतं तर चाललं असतं. आज परीक्षेत आणि मुलाखतीत चालत नाही, एवढंच सांगावं.

विजयदुर्गाची_तटबंदी
किल्ल्यांचं उदाहरण आलंय तर एक भर. ‘विजयदुर्ग इज एल्डर दॅन सिंधुदुर्ग’ असं माहिती सांगणारी मुलं म्हणतात. विजयदुर्ग शिलाहारांच्या काळातला, सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ ला सुरू झालं, म्हणजे इतिहास बरोबर. पण एल्डर फक्त घरातल्या माणसांना, आणि तोही नामाच्या आधी: माय एल्डर ब्रदर. त्याच्यामागे ‘दॅन’ येत नाही. ‘माय ब्रदर इज ओल्डर दॅन मी’, आणि किल्ला कायम ओल्डर.

करबुडे_बोगदा
माझ्या नावाचा मान राखून अजून एक. ‘करबुडे टनेल इज लाँगर दॅन एनी टनेल ऑन दि कोकण रेल्वे’ हे वाक्य चूक आहे. साडेसहा किलोमीटरचा करबुडे हाही कोकण रेल्वेवरचाच बोगदा, मग तो स्वतःपेक्षा लांब ठरतो! ‘एनी अदर टनेल’ म्हणायला हवं. दहावीला वाक्याची डिग्री, म्हणजे तुलनेची पायरी, बदलायला देतात तेव्हा गुण जातात ते या ‘अदर’वर.

खाडीपल्याड
किती लिहिलंत सगळ्यांनी! काल अबोलीताईंचा ‘घर-घरी’ प्रयोग वर्गात केला. सगळे हनुवटीला हात लावून बसलेले. बिग, क्लीन, चीप पटापट सुटले. नंतर तक्ता न काढता प्रत्येकाला दोन माशांबद्दल एक वाक्य बोलायला सांगितलं. ‘सुरमई इज कॉस्टलिअर दॅन बांगडा’ पहिल्याच मुलीने म्हटलं, आणि पुढच्याने ‘बट बांगडा इज टेस्टिअर’ असं उत्तरही दिलं. मग वाद पेटला, पण इंग्रजीत!

माझा दुसरा प्रश्न मात्र तसाच राहिलाय. दोन उच्चारांच्या शब्दांचं काय?

अबोलीचा_वळेसर
घ्या. शेवट ऐकायचा. शेवटी ‘ई’ ऐकू आला, म्हणजे स्पेलिंगमध्ये वाय, तर अर लावायचा: डर्टिअर, इझिअर, विंडिअर, सॉल्टिअर. पुढे ‘अन’ लागून तीन उच्चार झाले तरी तसंच, अनहॅपिअर. शेवटी ‘ओ’ किंवा ‘ल’ असेल तरी बहुधा अर: नॅरोअर, शॅलोअर, सिंपलर, जेंटलर. खाडीचं वर्णन करायला हे चारही घ्या.

शेवटी फुल, लेस, इंग, एड, अस असेल तर मोअर: मोअर यूजफुल, मोअर बोअरिंग, मोअर फेमस. मॉडर्नलाही मोअर. इथे ‘एड’ला जास्त मान आहे. टायर्ड, बोअर्ड कितीही आखूड वाटले तरी मोअर टायर्ड, मोअर बोअर्ड.

क्लेव्हर, पोलाइट, क्वायट, कॉमन यांना दोन्ही चालतं. आठवेना तेव्हा दोन उच्चारांच्या शब्दाला मोअर लावावं, फार क्वचित चूक ठरते. फक्त वायवाल्यांना लावू नका, ‘मोअर इझी’ कानाला खटकतं.

आणि एक वरच्या वर्गासाठी. एकाच माणसाचे दोन गुण तोलायचे असतील तर शब्द छोटा असला तरी मोअर: ‘ही वॉज मोअर सॅड दॅन अँग्री’. इथे सॅडर नाही.

कातळसडा
हे छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे. खाडीपल्याड, मुलं क्लेव्हरर म्हणाली तर?

खाडीपल्याड
म्हणू दे, बरोबरच आहे. पण दोन ‘अर’ लागोपाठ आले की जीभ अडखळते, म्हणून मी मोअर क्लेव्हर सुचवेन. कॉमनचं काय करावं, ताई? ‘बांगडा इज कॉमनर दॅन रावस’ म्हणू द्यावं का?

अबोलीचा_वळेसर
चालेल, शब्दकोशात आहे. पण ‘कॉमनर’ हे नामही आहे, सामान्य प्रजाजन या अर्थाचं, त्यामुळे ऐकणारा क्षणभर घोटाळतो. बांगड्याला ‘मोअर कॉमन’च म्हणायला सांगा.